दिव्यांग मतदाराला स्वतःचे मत स्वतः कसे देता येईल

काही वर्षांपूर्वी विधानसभेच्या निवडणुकीत सोलापूरच्या पूर्व भागातील एका शाळेत मी मतदान अधिकारी म्हणून काम करत होतो. सकाळी दहाच्या सुमारास साठीच्या आसपासचे एक गृहस्थ पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून खोलीत आले. दुसऱ्या हातात पांढरी काठी होती. आमच्यापैकी एकाने त्यांच्याशी न बोलता पुतण्यालाच विचारले, "यांचं मत तुम्हीच देणार ना?" पुतण्याने मान डोलावण्याआधीच ते गृहस्थ म्हणाले, "माझं मत मीच देतो की ओ साहेब. मला ब्रेल वाचता येतं." आम्ही सगळेच गोंधळलो. ब्रेलमधील नमुना मतपत्रिका साहित्याबरोबर आलेली होती, पण ती पाकिटातच, पिशवीच्या तळाशी, न उघडलेली पडून होती. ती शोधायला पाच मिनिटे गेली. त्यांनी टेबलापाशी उभे राहून कागदावरून बोटे फिरवली, आत गेले, आणि त्यांच्या आधीच्या मतदाराला लागला होता त्याहून कमी वेळात यंत्राचा आवाज आला. बाहेर पडताना पुतण्याने हळूच विचारले, "कुणाला दिलं?" ते म्हणाले, "सांगायचं नसतं ते."

दिव्यांग मतदारांसाठी मतदान सुलभ करणे याविषयी बोलताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रॅम्प आणि व्हीलचेअर येते. दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत, पण तेवढ्यावर काम भागत नाही. मत देणे याचा अर्थ आपला निर्णय आपणच, कोणाला कळू न देता, यंत्रात नोंदवणे असा आहे. ज्या व्यवस्थेत माणूस खोलीपर्यंत सुखरूप पोहोचतो, पण बटण दुसराच दाबतो, ती व्यवस्था अर्धीच सुलभ आहे. हा लेख त्या उरलेल्या अर्ध्या भागाविषयी अधिक आहे, कारण त्याची चर्चा कमी होते आणि तिथल्या चुका दुरुस्त करायला फारसा पैसाही लागत नाही.

हक्क कोणाचा आणि जबाबदारी कोणाची

संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने १८ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला लोकसभा आणि विधानसभेसाठी मताचा हक्क दिला आहे. शारीरिक व्यंग, अंधत्व किंवा बहिरेपणा यांमुळे तो हक्क कोठेही कमी होत नाही. मतदार यादीतून वगळण्याच्या कारणांमध्ये मनोविकलतेचा उल्लेख आहे, परंतु लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १६ नुसार त्यासाठी सक्षम न्यायालयाने त्या व्यक्तीला तसे घोषित केलेले असावे लागते. घरच्यांना वाटले, शेजाऱ्यांनी सांगितले किंवा डॉक्टरांच्या कागदावर एखाद्या मानसिक आजाराचे नाव आहे, एवढ्यावरून कोणाचेही नाव यादीतून काढता येत नाही. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या तरुण मुलामुलींची नावे पालकच नोंदवत नाहीत, असे पुष्कळ घरांत घडते. 'त्याला काय कळतंय' हा प्रश्न कायदा विचारत नाही, आणि इतर कोणत्याही मतदाराला आपण तो विचारत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा कायदा आहे. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, या कायद्याने ते २१ केले. त्याचे कलम ११ थेट निवडणुकीविषयी आहे. सर्व मतदान केंद्रे दिव्यांगांना वापरता येण्याजोगी असतील आणि निवडणुकीशी संबंधित सर्व साहित्य त्यांना सहज समजेल व हाताळता येईल असे असेल, याची खात्री भारत निवडणूक आयोगाने आणि राज्य निवडणूक आयोगांनी करायची आहे. या वाक्यातले दोन तपशील लक्षात ठेवण्याजोगे आहेत. जबाबदारी आयोगांवर आहे, मतदारावर किंवा त्याच्या कुटुंबावर नाही. दुसरे म्हणजे त्यात राज्य निवडणूक आयोगांचाही उल्लेख आहे, म्हणजेच महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांच्या निवडणुकाही त्यात येतात.

या कायद्याच्या आधी न्यायालयाला लक्ष घालावे लागले होते. २००४ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका गटाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि मतदान केंद्रांवर लाकडी रॅम्प बसवण्याविषयी न्यायालयाने आदेश दिले. मतदान यंत्रावर ब्रेल अंक लावण्याचे पहिले प्रयोगही त्याच सुमारास सुरू झाले. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्या कराराचे अनुच्छेद २९ मतदानाची पद्धत आणि साहित्य सुलभ असावे आणि मत गुप्त राहावे, या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मागते.

मतदाराप्रमाणे व्यवस्था बदलणे आपल्याला नवीन नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हते, म्हणून प्रत्येक उमेदवाराला चिन्ह मिळाले आणि प्रत्येकाची वेगळी मतपेटी ठेवली गेली. 'आधी लिहायला शिका, मग मत द्या' अशी अट त्या वेळी घातली गेली नाही.

खरे काम यादीत होते

केंद्रावर व्हीलचेअर किती लागतील, ब्रेल मतदार चिठ्ठी कोणाला द्यायची, गाडी कोणाच्या घरी पाठवायची, हे सगळे प्रशासनाला मतदार यादीवरूनच ठरवावे लागते. यादीत मतदाराच्या नावाबरोबर दिव्यांग असल्याची नोंद असेल तरच तो प्रशासनाला दिसतो. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी आयोगाच्या यादीत अशी नोंद असलेले मतदार ८८ लाखांहून थोडे अधिक होते. जनगणनेत लहान मुलेही मोजली जातात हे धरले, तरी एवढे अंतर राहते याचा अर्थ पुष्कळ मतदार यादीत आहेत, पण त्यांचे दिव्यांगत्व यादीत नाही.

ही नोंद करणे अवघड नाही. पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्याने नमुना ६ भरताना त्यातील दिव्यांगत्वाचा रकाना भरावा. ज्याचे नाव आधीपासून यादीत आहे त्याने नमुना ८ भरावा. पत्ता बदलणे, तपशिलातील दुरुस्ती, ओळखपत्र बदलून घेणे आणि दिव्यांग म्हणून नोंद करणे, ही चारही कामे याच एका नमुन्याने होतात. कुंभारीजवळच्या वसाहतींमध्ये शहरातून राहायला गेलेल्या विडी कामगार कुटुंबांना हे विशेष उपयोगी आहे, कारण त्यांतील अनेकांना पत्ता बदलायचाच असतो. त्याच वेळी घरातील आजीच्या दृष्टीची किंवा मुलाच्या पायाची नोंदही करून घेता येते. अर्ज आपल्या भागाच्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे सर्वजण ज्यांना बीएलओ म्हणतात त्यांच्याकडे देता येतो. आयोगाच्या 'सक्षम' या मोबाइल ॲपवरूनही तो करता येतो, आणि व्हीलचेअरची मागणीही त्याच ॲपवरून नोंदवता येते. मोबाइल वापरता येत नसेल तर १९५० हा मतदार मदत क्रमांक आहे.

पूर्व भागातील वयस्क विणकर किंवा विडी वळणाऱ्या बायका स्वतःला दिव्यांग म्हणवून घेत नाहीत. अनेक वर्षे यंत्रमागाच्या खडखडाटात काम करून कमी ऐकू येऊ लागलेला माणूस 'वय झालंय' एवढेच म्हणतो. गुडघे गेलेली, मोतीबिंदू वाढलेली माणसेही तसेच सांगतात. त्यामुळे 'घरात कोणी दिव्यांग आहे का' असे विचारले तर उत्तर नाही असेच येते. त्याऐवजी 'मतदानाला जाताना जिना चढायला, वाचायला किंवा ऐकायला कोणाला त्रास होतो का' असे विचारले, तर खरे उत्तर मिळते. बीएलओंच्या प्रशिक्षणात प्रश्न विचारण्याची ही पद्धत यायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

घरापासून खोलीपर्यंत

सोलापुरात २०२४ चे लोकसभेचे मतदान ७ मे रोजी झाले. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर असणे ही नेहमीची गोष्ट आहे. अशा उन्हात कॅलिपर घालून किंवा कुबड्यांवर उभे राहणे म्हणजे काय, याचा अंदाज ज्याने ते केले नाही त्याला येणार नाही. दिव्यांग आणि वृद्ध मतदारांना रांगेत प्राधान्य द्यावे अशी आयोगाची सूचना आहे. ती सोय मागून घ्यावी लागू नये. केंद्राच्या दारातील कर्मचाऱ्याने रांगेकडे नजर ठेवून अशा मतदाराला स्वतः पुढे बोलवावे. सिकलसेल, थॅलेसेमिया किंवा पार्किन्सनसारखी दिव्यांगत्वे एका नजरेत दिसत नाहीत, म्हणून कोणी तसे सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवावा.

केंद्रापर्यंत जाण्याच्या वाहनाविषयी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. उमेदवाराने किंवा त्याच्या माणसांनी मतदारांना फुकट ने-आण करण्यासाठी रिक्षा किंवा जीप भाड्याने घेणे हा लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३ प्रमाणे भ्रष्ट आचार ठरतो. म्हणून दिव्यांग मतदाराने दारात आलेल्या पक्षाच्या गाडीवर अवलंबून राहू नये. प्रशासनाची गाडी मागून घ्यावी, किंवा कुटुंबाने स्वतःच्या खर्चाने जावे. पक्षाच्या गाडीतून उतरणाऱ्या मतदारावर खोलीत शिरण्याआधीच एक ओझे पडते, हे आपण सगळे जाणतो. सोबत नेणारा मुलगा अक्कलकोट रस्त्यावरच्या कारखान्यात कामाला असेल, तर त्यालाही मतदानाच्या दिवशी पगारी सुटी मिळण्याचा हक्क आहे. त्याच कायद्याचे कलम १३५-ब ती देते, आणि ती रोजंदारीवरच्या कामगारालाही लागू आहे.

मतदान केंद्रे शक्यतो तळमजल्यावर असावीत आणि तेथे रॅम्प, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, उजेड आणि दिशादर्शक फलक असावेत, हा आयोगाचा किमान सुविधांचा नियम आहे. आपल्याकडची बहुतेक केंद्रे शाळांमध्ये असतात, आणि जुन्या शाळांच्या दाराशी हमखास दोन-तीन पायऱ्या असतात. येथे थोडे गणित सांगतो, कारण ते फार वेळा चुकते. रॅम्पचा उतार १:१२ असावा, म्हणजे एक फूट चढायचे तर रॅम्प बारा फूट लांब असावा. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उंची ४५ सेंटिमीटर झाली, आणि रॅम्प ५.४ मीटर लांब लागेल. प्रत्यक्षात अनेकदा दोन फळ्या टाकून दीड-दोन मीटरचा उतार केला जातो. त्यावरून व्हीलचेअर मागे घसरते, पुढे झुकते, आणि दोघांनी ढकलल्याशिवाय चढत नाही. असा रॅम्प तपासणीच्या यादीत 'आहे' म्हणून नोंदला जातो, पण मतदाराच्या कामाचा नसतो. रॅम्प संपतो तिथे उंबरठा असेल, दार अरुंद असेल किंवा व्हरांड्यात बाक आडवे पडलेले असतील, तरी मतदार तिथेच अडतो.

यंत्रासमोर

आता मुख्य भाग. मतदान खोलीत पहिला अधिकारी नाव तपासून मोठ्याने उच्चारतो, दुसरा शाई लावून नोंदवहीत सही घेतो, तिसरा नियंत्रण एककावरून यंत्र मतासाठी खुले करतो, आणि मतदार आडोशाच्या आत जाऊन बॅलेट युनिटवरचे निळे बटण दाबतो. या प्रत्येक पायरीवर कोणाची ना कोणाची अडचण होऊ शकते.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांना आपले नाव पुकारले गेल्याचे कळत नाही, आणि मत नोंदल्यावर वाजणारा आवाजही ऐकू येत नाही. अधिकाऱ्याने तोंड समोर ठेवून बोलावे, हाताने खूण करावी, कागदावर लिहून दाखवावे, एवढ्याने बहुतेक अडचण सुटते. कोठे जायचे, कोठे थांबायचे हे चित्रांच्या फलकांवर असेल तर त्याचा फायदा बहिऱ्या मतदारांइतकाच मराठी न वाचणाऱ्यांनाही होतो. तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी एकाच गल्लीत बोलणाऱ्या आपल्या शहरात ही गोष्ट लहान नाही.

शाईविषयी नियम स्पष्ट आहे. ती डाव्या हाताच्या तर्जनीला लावतात. ती नसेल तर डाव्या हाताच्या दुसऱ्या बोटाला, डाव्या हाताला एकही बोट नसेल तर उजव्या हाताच्या बोटाला, आणि कोणत्याच हाताला बोट नसेल तर हाताच्या उरलेल्या टोकाला शाई लावायची. कुष्ठरोगातून बरे झालेले लोकही कायद्याच्या २१ प्रकारांत येतात. त्यांच्यापैकी अनेकांची बोटे झडलेली असतात. अशा मतदाराच्या हाताला शाई लावताना कर्मचाऱ्याने मागे सरू नये. बरा झालेला माणूस संसर्ग देत नाही.

व्हीलचेअरवरील मतदारासाठी आडोशाच्या आत पुरेशी जागा आणि टेबलाखाली गुडघे जातील इतकी मोकळीक हवी. यंत्र टेबलाच्या मागच्या कडेला असेल तर बसलेल्या माणसाचा हात वरच्या बटणापर्यंत पोहोचत नाही, आणि मग कोणीतरी आत येऊन मदत करतो. यंत्र कसे मांडायचे याचा विचार मतदान सुरू होण्यापूर्वी केला, तर ही मदत लागतच नाही.

अंध मतदारासाठी बॅलेट युनिटवर प्रत्येक निळ्या बटणाच्या उजव्या बाजूला १ ते १६ हे अंक ब्रेलमध्ये उमटवलेले असतात. केंद्राध्यक्षाकडे ब्रेलमधील नमुना मतपत्रिका असते, तीत उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव आणि पक्ष असतो. मतदाराने ती वाचायची, आपला क्रमांक लक्षात ठेवायचा, आत जाऊन ब्रेल अंक चाचपून त्याशेजारचे बटण दाबायचे. एका बॅलेट युनिटवर 'वरीलपैकी कोणीही नाही' धरून १६ नावे मावतात. उमेदवार त्याहून अधिक असतील तर शेजारी दुसरे युनिट ठेवतात. अशा वेळी अधिकाऱ्याने आडोशात शिरण्यापूर्वीच मतदाराला किती युनिट आहेत, ती कोणत्या क्रमाने मांडली आहेत आणि कोणत्या युनिटवर कोणत्या क्रमांकापासून नावे सुरू होतात, हे सांगावे. हे सांगण्याने गुप्तता भंगत नाही, कारण सगळे उमेदवार मतदाराला सारखेच सांगितले जातात.

ब्रेलला मर्यादा आहे. मधुमेहाने किंवा काचबिंदूने पन्नाशीनंतर दृष्टी गेलेल्या माणसाला ब्रेल क्वचितच येते, आणि आपल्याकडे अशा मतदारांची संख्या मोठी आहे. त्यांना क्रमांक तोंडी सांगता येतो, पण बटणाशेजारचा ठिपक्यांचा अंक ओळखता येत नाही. मात्र बोटांनी वरून बटणे मोजत खाली येता येते, आणि कित्येक जण तसेच करतात. कमी दिसणाऱ्यांसाठी अक्षराचा आकार महत्त्वाचा असतो. आयोगाने सप्टेंबर २०२५ मध्ये यंत्रावरील मतपत्रिकेचे स्वरूप बदलले, उमेदवाराचे छायाचित्र रंगीत व मोठे केले आणि अनुक्रमांकाची अक्षरे ठळक व ३० आकाराची केली. बिहारच्या निवडणुकीपासून ती वापरात आली. हा बदल सर्वांसाठी केलेला असला, तरी त्याचा सर्वांत जास्त लाभ अंधुक दिसणाऱ्यांना होईल.

यंत्राला हेडफोन लावून नावे ऐकण्याची सोय आपल्याकडे नाही. अमेरिकेत २००२ च्या कायद्याने प्रत्येक मतदान केंद्रावर दिव्यांगांना स्वतंत्रपणे आणि गुप्तपणे वापरता येईल असे किमान एक यंत्र असणे बंधनकारक केले. आपल्या यंत्राचे साधेपण हे त्याचे बळ आहे, हे मान्य करूनही मला एक उणीव जाणवते. मत दिल्यावर व्हीव्हीपॅट या चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते. त्यावर दुसऱ्याचे नाव दिसले तर मतदाराला लेखी तक्रार करण्याची तरतूद निवडणूक संचालन नियमांतील नियम ४९-एमए मध्ये आहे. अंध मतदाराला ती चिठ्ठी दिसत नाही, त्यामुळे इतर प्रत्येक मतदाराला मिळालेला हा पडताळणीचा हक्क त्याला वापरताच येत नाही. ही दुरुस्ती अजून व्हायची आहे, आणि ती केंद्राध्यक्षाच्या हातात नाही, यंत्र घडवणाऱ्यांच्या हातात आहे.

सोबती कधी आणि कोण

निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम ४९-एन सोबत्याविषयी आहे. अंधत्वामुळे किंवा इतर शारीरिक दुर्बलतेमुळे मतदाराला चिन्हे ओळखता येत नाहीत किंवा मदतीशिवाय बटण दाबता येत नाही, अशी केंद्राध्यक्षाची खात्री झाली तर मतदार सोबत्याला आत नेऊ शकतो. सोबती किमान १८ वर्षांचा असावा. एका दिवसात एकाच मतदाराचा सोबती होता येते, आणि मत गुप्त ठेवीन असे प्रतिज्ञापत्र त्याला द्यावे लागते. या नोंदी नमुना १४-अ मध्ये होतात. केंद्रावर नेमलेल्या कर्मचाऱ्याला सोबती होता येत नाही.

या नियमाविषयी तीन गैरसमज मी वारंवार पाहिले आहेत. पहिला असा की अंध मतदाराला सोबती घ्यावाच लागतो. नियम सोबत्याची परवानगी देतो, सक्ती करत नाही. अंध मतदार एकटा आत जाऊ इच्छित असेल तर त्याला कोणी अडवू शकत नाही. दुसरा असा की प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय सोबती मिळत नाही. नियमात केंद्राध्यक्षाची खात्री एवढीच अट आहे. तिसरा गैरसमज उलट्या बाजूचा आहे, तो म्हणजे निरक्षर किंवा गोंधळलेल्या कोणत्याही मतदाराबरोबर कोणीही आत जाऊ शकतो. तसे नाही. पायाने अधू असलेला, पण डोळे आणि हात ठीक असलेला मतदार आडोशापर्यंत आधार घेईल, आत मात्र एकटाच जाईल. मदत जिथे संपायला हवी तिथे ती संपली पाहिजे.

एका मतदारामागे एक सोबती या नियमाचा हेतू चांगला आहे, कारण त्यामुळे एकच माणूस दहा जणांची मते देऊन जाऊ शकत नाही. परंतु अंध व्यक्तींचे वसतिगृह किंवा निवासी संस्था असेल तेथे त्याची तयारी आधी करावी लागते. एकटे अधीक्षक सगळ्यांचे सोबती होऊ शकत नाहीत. ज्यांना ब्रेल येते त्यांनी एकट्याने मत देण्याचा सराव करावा आणि ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्यासाठी नातलगांना आधी कळवावे, हे अधिक योग्य.

ओळख पटवण्यासाठी मतदार ओळखपत्र नसले तरी चालणाऱ्या कागदपत्रांत दिव्यांगांचे यूडीआयडी कार्डही, म्हणजे दिव्यांगत्वाचे सरकारी ओळखपत्रही येते. ते असेल तर खिशात ठेवावे.

जे घराबाहेर पडूच शकत नाहीत

अंथरुणाला खिळलेल्या मतदारासाठी गृहमतदानाची सोय आहे. नियमांत ऑक्टोबर २०१९ मध्ये बदल करून ती आणली गेली, आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ती पहिल्यांदा देशभर मिळाली. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेले मतदार आणि ज्येष्ठ मतदार ती घेऊ शकतात. ज्येष्ठांसाठी वयाची अट आधी ८० होती, मार्च २०२४ मध्ये ती ८५ झाली. त्यासाठी नमुना १२-ड भरून निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचवावा लागतो. हे पाच दिवस भुर्रकन निघून जातात, आणि यादीत दिव्यांग म्हणून आधीच नोंद असल्याशिवाय हा अर्ज उपयोगी पडत नाही. नमुना ८ चा आग्रह मी एवढा का धरला, याचे हे मोठे कारण आहे.

अर्ज मंजूर झाला की ठरलेल्या दिवशी मतदान पथक घरी येते. त्यात अधिकारी, पोलीस आणि चित्रीकरण करणारा असतो, आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींनाही कळवलेले असते. मतदार टपाली मतपत्रिकेवर खूण करतो आणि ती पाकिटात बंद करून देतो. एकदा हा पर्याय घेतला की मतदानाच्या दिवशी केंद्रावर मत देता येत नाही, म्हणून थोड्या मदतीने जाऊ शकणाऱ्याने तो घाईने घेऊ नये. घरी मत देताना गुप्ततेचा प्रश्न अधिक नाजूक होतो. दोन खोल्यांच्या घरात सून, मुलगा, नातवंडे आणि शेजारी भोवती उभे असतात, कॅमेरा सुरू असतो, आणि आजी कोणाकडे तरी पाहत खूण करते. पथकाने घरच्यांना काही मिनिटे बाहेर थांबायला सांगावे आणि चित्रीकरणात मतपत्रिकेवरची खूण येणार नाही अशी जागा निवडावी. आणखी एक काळजी मला वाटते. गृहमतदान आहे म्हणून केंद्रावरच्या सोयींकडे दुर्लक्ष होऊ नये. शेजाऱ्यांबरोबर रांगेत उभे राहून मत देण्यात जो आनंद आहे, तो ज्याला मिळू शकतो त्याला घरी बसवून ठेवणे बरे नव्हे.

महापालिकेचे मतदान वेगळे का

नमुना १२-ड आणि नियम ४९-एन हे लोकसभा आणि विधानसभेचे नियम आहेत. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि त्याचे नियम वेगळे आहेत. १५ जानेवारी २०२६ रोजी झालेल्या सोलापूर महापालिकेच्या निवडणुकीत बहुतेक प्रभागांत चार जागा होत्या, म्हणजे एकाच मतदाराने एकामागून एक चार मते द्यायची. प्रत्येक जागेची मतपत्रिका ओळखू यावी म्हणून तिला वेगळा रंग असतो. डोळस मतदाराला रंग मदत करतो, अंध मतदाराला त्याचा काहीच उपयोग नाही. कोणती जागा कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे त्याला बोटाने कळायला हवे. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या किंवा स्मरणशक्ती मंदावलेल्या मतदारालाही चार क्रमांक लक्षात ठेवणे जड जाते. सरावासाठी यंत्राची प्रात्यक्षिके होतात, तशी ती अंधशाळा, मूकबधिर विद्यालये आणि विशेष मुलांच्या कार्यशाळांतही आठवडाभर आधी व्हावीत. कलम ११ राज्य निवडणूक आयोगालाही बांधते, म्हणून ही मागणी हक्काची आहे.

एखाद्या केंद्रावर सोय नसेल, रॅम्प धोकादायक असेल किंवा अंध मतदाराला एकट्याने आत जाऊ दिले नसेल, तर केंद्राचा क्रमांक, वेळ आणि शक्य असल्यास बाहेरच्या भागाचे छायाचित्र यांसह निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. आडोशाच्या आतले छायाचित्र मात्र कधीही घेऊ नये. तक्रारीची प्रत पुण्यातील राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही पाठवता येते, २०१६ च्या कायद्याने त्यांना अशा तक्रारींची चौकशी करण्याचा अधिकार दिला आहे.

आणि जे माझ्यासारखे निवडणुकीच्या कामावर जातात त्यांच्यासाठी: आदल्या संध्याकाळी खोली लावून झाली की साहित्याच्या पिशवीतून ब्रेलची नमुना मतपत्रिका काढून टेबलावर ठेवावी. एकाने खुर्चीवर बसून वरच्या बटणापर्यंत हात पोहोचतो का ते पाहावे. दुसऱ्याने डोळे मिटून दारापासून आडोशापर्यंत चालून पाहावे आणि पायाला अडलेले बाक बाजूला सारावे.